कोऱ्या चौकटी

पंडित पाटलाचा हात उठतो, हे सुरतेतल्या नवागामात सगळ्यांना माहीत होतं. माणूस कामाचा, सरळ, व्यसन नाही, कुणाच्या अध्यात-मध्यात नाही. पण डोकं तापलं की समोर कोण आहे ते त्याला दिसत नसे. उधन्याकडच्या एका लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, तो मास्टर होता. यंत्रं चालती ठेवायची, ताण्याचा उभा धागा तुटला की कारीगराला कामाला लावायचं, शेठचा माल वेळेवर काढायचा, ही त्याची कामं. धोट्यांच्या खडखडाटात तिथं साधं बोलणं ऐकूच येत नाही, म्हणून सगळेच ओरडून बोलतात. पंडित ओरडायचा आणि मारायचाही.

प्लेगच्या साली सुरत सोडून गेलेले लोक परतून वर्ष झालं असेल, तेव्हाची गोष्ट. त्यानं निंबाला मारलं. निंबा त्याच्याच गावचा, खानदेशात पारोळ्याकडचा, वयानं वडिलांसारखा. पंडितला सुरतेत आणून पहिल्यांदा लूमपुढे उभं करणारा तोच. त्या दिवशी निंबाला खोकल्यानं धड वाकता येत नव्हतं आणि त्याच्या लूमवर ताणा पुन्हा पुन्हा तुटत होता. पंडितनं सगळ्या खात्यासमोर त्याच्या कानाखाली वाजवली.  खांद्यावरच्या रुमालानं निंबानं तोंड पुसलं आणि तुटलेला धागा जोडायला पुन्हा वाकला. पाळी संपल्यावर तो गेला तो थेट गावी. काही महिन्यांनी छातीच्या दुखण्यानं तिकडेच वारला.

पंडित दुखवट्याला त्याच्या दारावर बसायला गेला. कुणी तोंड फिरवेल, चार शब्द सुनावेल, अशी त्याची तयारी होती. निंबाच्या बायकोनं, इंदुबाईनं, स्वतःच्या हातानं चहा आणून त्याच्यापुढे ठेवला.

"तुमचं नाव नेहमी चांगलंच काढायचे," ती म्हणाली. "म्हणायचे, नातू मोठा झाला की पंडितच्या हाताखाली देऊ. काम शिकवावं तर त्यानं."

पंडितनं कप तसाच ठेवला आणि तो उठला. परतीच्या गाडीत तो खिडकीला डोकं टेकून बसला होता. त्याच्या मनात आलं, खात्यात प्रत्येक लूमला एक कार्ड टांगलेलं असतं. पाळी संपली की कापडात कुठं काय चुकलं ते त्यावर लिहितात. म्हणून तर चूक पकडता येते. माणसाचं असं कुणी लिहीत नाही. पाळ्यांवर पाळ्या जातात आणि माणूस तसाच चालत राहतो.

घरी आल्यावर त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी पेन्सिल बांधली. बायकोला, सरलाबाईला, आणि दोन्ही पोरांना समोर बसवलं.

"तीन गोष्टी," तो म्हणाला. "हात उगारायचा नाही. शिवी द्यायची नाही. खोटं बोलायचं नाही. ज्या दिवशी चुकेन त्या दिवसाच्या चौकटीत ठिपका देईन. तुमच्यासमोर देईन."

"आणि त्यानं काय होईल?" सरलाबाईनं विचारलं.

"दिसेल तरी."

पहिल्या महिन्यात कॅलेंडर काळं झालं. एकेका चौकटीत दोन-दोन, तीन-तीन ठिपके. पण पंडितनं सोडलं नाही. खात्यात डोकं तापायला लागलं की तो माठापाशी जायचा, पेलाभर पाणी उभ्यानं प्यायचा आणि मगच कारीगराकडे वळायचा. शिवी जिभेवर यायची, ती तो गिळायचा. सुकदेव नावाच्या एका कारीगराला त्यानं पूर्वी मारलं होतं. त्याच्यापाशी जाऊन पंडित म्हणाला, "माझी चूक होती." सुकदेवला ते खडखडाटात ऐकू आलं नाही, म्हणून त्याला ते पुन्हा, ओरडून म्हणावं लागलं. आजूबाजूच्यांनी लूम थांबवून पाहिलं.

हळूहळू ठिपके विरळ झाले. वर्ष फिरलं, नवीन कॅलेंडर आलं, आणि त्यावर आठवडेच्या आठवडे कोरे जाऊ लागले. खात्यात कामाला असलेली ओडिया पोरं पूर्वी त्याला भिऊन लपायची, ती आता काम अडलं की आपणहून त्याला बोलवायला लागली. हे ढोंग नव्हतं. त्यानं स्वतःशी खरोखर झुंज घेतली होती आणि ती त्याला जड गेली होती. गल्लीतल्या भजनी मंडळाचे रामदास महाराज एका सोमवारी सगळ्यांना म्हणाले, "बदलायचं असेल तर पंडितसारखं बदला." पंडितनं मान खाली घातली, पण त्याला ते फार बरं वाटलं.

घरात मात्र वेगळंच काही वाढत होतं.

ठिपका द्यायची वेळ आली की पंडित उठायचा, भिंतीशी जायचा, पेन्सिल हातात घ्यायचा. घर गप्प व्हायचं. ठिपका देऊन तो ताट बाजूला सारायचा. त्या दिवशी जेवायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. तो जेवला नाही की सरलाबाई जेवत नसे. मग पोरांनाही घास जात नसे. तो कुणालाच काही बोलत नसे, पण ज्याच्यामुळे त्याला राग आला ते पोर भिंतीकडे बघत बसायचं. धाकटी मुलगी हर्षदा तेव्हा दहावीला होती. ती एकदा आईला म्हणाली, "यापेक्षा थप्पड बरी होती, माय. मारून झालं की संपायचं तरी."

मग घरानं एक रीत शिकून घेतली. काचेची बरणी फुटली की पंडित, म्हणजे पोरांचे नाना, यायच्या आत काचा उचलल्या जायच्या. हर्षदाचे गणिताचे मार्क सरलाबाई परस्पर बघायची. शेजारणीशी भांडण झालं तरी संध्याकाळी घरात त्याचा शब्द निघत नसे. "नाना येतायत," असं कुणी म्हटलं की जो तो आपापल्या जागी बसायचा. पंडित घरी यायचा, शांत घर बघायचा, आणि देवाचे आभार मानायचा.

दीपक, त्याचा मोठा मुलगा, कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यात कामाला होता. लूमच्या आवाजात आणि तेलात पोरानं जिंदगी घालवू नये म्हणून पंडितनंच त्याला तिकडे लावलं होतं. चार जण एका घंटीभोवती, फिरत्या चाकाभोवती, बसून हिऱ्याला पैलू पाडायचे. दीपकचा हात चांगला होता. शेठ त्याला बारीक माल द्यायला लागला होता.

एके दिवशी त्याच्या उजव्या डोळ्यात वीज चमकल्यासारखं झालं. मग काळे कण तरंगायला लागले. त्याला वाटलं, भिंगातून सारखं बघून डोळा थकला असेल. काही दिवसांनी त्या डोळ्यात खालून सावली चढायला लागली. हिऱ्याची एक कड त्याला दिसेनाशी झाली. त्याच्या हातून एक चांगला हिरा बिघडला, मग दुसरा. शेठनं त्याला घंटीवरून उठवलं. "आंख चेक करावी आव," डोळे तपासून ये, असं तो भल्यापणानंच म्हणाला.

दीपकनं घरी आईला सांगितलं, पण अर्धंच.

"काम सुटलं, माय. डोळ्यात काहीतरी गेलंय, होईल बरं. नानांना सांगू नको. नवीन काम मिळालं की मीच सांगेन."

सरलाबाई भिंतीकडे बघून म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवसापासून दीपक डबा घेऊन नेहमीच्याच वेळेला निघायला लागला. कतारगामच्या रिक्षात न बसता तो हायवेच्या दिशेनं जायचा. कामरेजला छगन नावाच्या मुकादमाकडे खताच्या गोदामात गोण्या चढवायचं काम त्याला मिळालं होतं. तिथं नवागामचं कुणी येत नसे. संध्याकाळी तो वाटेतल्या नळावर हात-पाय धुऊन घरी यायचा. पंडित विचारायचा, "काम कसं आहे?" तो म्हणायचा, "बरं आहे, नाना." असे दोन-अडीच महिने गेले.

उन्हाळा होता. खात्याला वीजकपातीची सुट्टी होती. शेठनं पंडितला कामरेजला पाठवलं. तिथं कुणीतरी जुने लूम विकायला काढले होते, ते चालण्याजोगे आहेत का ते बघायचं होतं. काम आटपून तो हायवेच्या कडेला वाहनाची वाट बघत उभा होता. समोर एक गोदाम होतं. ट्रक लागला होता आणि माणसं पाठीवर गोण्या घेऊन फळीवरून वर चढत होती. त्यांतला एक पोरगा चालताना मान विचित्र वळवत होता, एका बाजूनं बघणाऱ्या पाखरासारखी. पंडितला त्याची कीव आली. पोरानं गोणी टाकली, डोक्यावरचं पोतं काढलं, आणि पंडितनं ओळखलं, तो दीपक होता.

तो रस्ता ओलांडून गेला. दीपक गोदामाच्या सावलीत भिंतीला टेकून बसला होता आणि डबा उघडत होता. पंडित त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला, अगदी जवळ, हात लांबवला तर खांदा लागेल इतका. दीपकनं भाकरीचा तुकडा मोडला. मिरचीचा ठेचा बोटानं चाचपून घेतला. घास खाल्ला. वर बघितलंच नाही.

पंडितला आधी वाटलं, पोरगं आपल्याला बघून न बघितल्यासारखं करतंय. मग त्यानं हात उचलून हळूच त्याच्या उजव्या डोळ्याच्या बाजूला हलवला. त्या डोळ्याची पापणीही लवली नाही.

"दीपक," तो गावच्या अहिराणीत म्हणाला. "तुले दिखस नही का? मी आठे उभा शे."

डबा पोराच्या मांडीवरून घरंगळला. तो धडपडून उठला, मान पूर्ण वळवून त्यानं बापाला पाहिलं आणि त्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं:

"नाना, आज ठिपका नका देऊ. माय सकाळपासून उपाशी आहे, तिची चतुर्थी आहे."

 भाकरी धुळीत पडली होती, ती उचलून पंडितनं डब्यात ठेवली. मुकादमाला सांगून तो पोराला घेऊन निघाला. जीपमध्ये माणसं दाटीवाटीनं बसली होती. साऱ्या वाटेत त्यानं दीपकचं मनगट धरून ठेवलं होतं. दीपकला वाटत होतं, हा राग आहे. तो राग नव्हता. पंडित घाबरला होता आणि ते कुणाला दिसू नये म्हणून त्यानं कशाला तरी धरलं होतं.

घरी आल्यावर सरलाबाई दोघांना एकत्र बघून दारातच थबकली.

"तुला माहीत होतं?" पंडितनं विचारलं.

"काम सुटल्याचं माहीत होतं. डोळ्याचं इतकं नव्हतं माहीत."

"मग मला का नाही सांगितलं? मी बाप आहे त्याचा!"

त्याचा आवाज चढला. हर्षदा चटकन उठून आतल्या खोलीत गेली. तिच्याकडे बघून सरलाबाईला काय झालं कोण जाणे. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, ती नवऱ्यापुढे कधी उभी राहून बोलली नव्हती. आज ती खाली बसलीच नाही.

"कसं सांगणार? तुम्हाला राग आला की तुम्ही तिकडे जाता. ती पेन्सिल घेता. आम्हाला वाटतं, आमच्यामुळे तुमचा दिवस नासला. तुमची पाटी कोरी राहावी म्हणून या घरात आम्ही किती काय गिळतो, ते तुम्हाला ठाऊक आहे का? खोटं बोलायचं नाही म्हणता. तुम्ही नाही बोलत. तुमच्यासाठी आम्ही बोलतो. रोज बोलतो."

पंडित भिंतीकडे बघत राहिला. त्या महिन्याच्या साऱ्या चौकटी स्वच्छ होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी दीपकच्या डोळ्यात थेंब घातले, अंधाऱ्या खोलीत नेऊन बराच वेळ तपासलं. मग पंडितला आत बोलावलं.

"डोळ्याच्या आतला पडदा सुटला आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "हा काही एका दिवसात होणारा प्रकार नाही. आधी चमक आली असेल, काळं दिसलं असेल. तेव्हा का नाही आणलंत?"

पंडितनं गोदामातल्या कामाचं सांगितलं.

"आणि हा ओझी उचलत होता?"

"हो."

त्यांनी लगेच ऑपरेशनची चिठ्ठी लिहिली. ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा दीपकला त्या डोळ्यानं खिडकीचा उजेड तेवढा कळला. माणूस कळला नाही. तपासताना डाव्या डोळ्याचा पडदाही एका जागी विरलेला सापडला होता. तिथं वेळेवर उपचार झाले आणि तो डोळा वाचला. "आणखी उशीर केला असता तर," असं म्हणून डॉक्टरीणबाई थांबल्या होत्या. ते वाक्य पंडितनं मनात अनेकदा पुरं केलं.

दवाखान्यातून आल्यावर त्यानं कॅलेंडरपाशी बांधलेली पेन्सिल सोडून ठेवली. रागानं नाही, आणि व्रत मोडलं म्हणूनही नाही. हात उगारायचा नाही, शिवी द्यायची नाही, हे तो पुढेही पाळत राहिला. पण आपण किती चांगले झालो हे आपलं आपण मोजू नये, एवढं त्याला कळलं. सरलाबाईला तो म्हणाला, "तू सांगत जा, मी कुठं चुकतो ते."

"मला कामं असतात," ती म्हणाली. "आणि विचारून कुणी सांगत नसतं. ऐकायचं असेल तर नुसतं बसा."

म्हणून तो बसायला लागला. संध्याकाळी खात्यातून आला की हात-पाय धुऊन बाहेरच्या ओट्यावर न जाता चुलीपाशी बसायचा. आधी त्याला तिथं कसं बसावं तेच कळेना. सरलाबाईला त्याची अडचण व्हायची. पोरं तो बसलाय म्हणून दुसरीकडे जायची. तो लसूण सोलायचा, शेंगा फोडायचा. "आज काय झालं?" असं विचारायचा, "काही नाही" असं उत्तर यायचं, आणि तो "बरं" म्हणून पुन्हा शेंगा फोडायला लागायचा. पाऊसकाळ असाच गेला.

भाद्रपदात एकदा हर्षदा म्हणाली, "नाना, माझी सायकल मी सांगितलं तशी चोरीला नाही गेली. मी ती रेल्वे फाटकापाशी विसरले होते."

पंडितचं डोकं तापलं. त्याला ते स्वतःला जाणवलं, कानापर्यंत गरम. ती त्याच्या हाताकडे बघत होती.

"राग आलाय मला," तो म्हणाला.

"दिसतंय," ती म्हणाली.

"येऊ दे. तू पुढे सांग. कशी विसरलीस?"

तिनं सांगितलं. फाटक बंद होतं, मैत्रिणी पलीकडे होत्या, ती सायकल लावून फाटकाखालून वाकून रुळावरून गेली आणि गप्पांच्या नादात तशीच घरी आली. रुळावरून गेल्याचं ऐकून त्याला सायकलीपेक्षा जास्त राग आला आणि तो तिला बोललाही. पण त्या दिवशी सगळे जेवले.

दीपकचं मात्र तसं नव्हतं. तो बापाशी नीट वागायचा, विचारलं तेवढं बोलायचा. नवागामच्या नाक्यावर एका टेलिफोनच्या बूथवर त्याला काम मिळालं होतं. गावाकडे फोन लावायला सुटीच्या दिवशी लोकांची रांग लागायची. काचेच्या त्या खोलीपाशी बसून तो आकडे फिरवायचा, लोक घरच्यांशी बोलायचे, कधी हसायचे, कधी रडायचे. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. घरी यायचा, जेवायचा.

दिवाळीच्या आधी एका दुपारी पंडितनं त्याच्यासाठी काळा चष्मा आणला. लोक बघतात, पोराला बरं वाटेल, असं त्याच्या मनात होतं. दीपकनं चष्मा हातात घेतला आणि एकदम भिंतीवर फेकला.

"कुणासाठी आणला हा?" तो ओरडला. "माझ्यासाठी की तुमच्यासाठी? माझा डोळा बघवत नाही ना तुम्हाला? बघा! बघायलाच पाहिजे! मला रोज विजा दिसत होत्या आणि मी विचार करत होतो, नानांना सांगू की नको. डोळ्याला भ्यावं की तुम्हाला, तेच मला कळत नव्हतं!"

सरलाबाई मध्ये पडायला आली. पंडितनं तिला हातानं थांबवलं. तो उठला नाही. तोंडाला कोरड पडली होती, माठ चार पावलांवर होता, पण तो पाणी प्यायलाही गेला नाही. दीपक खूप बोलला. निंबाचंही बोलला, लहानपणी खाल्लेल्या माराचंही बोलला. शिव्याही दिल्या. बोलता बोलता त्याचा आवाज फाटला आणि तो भिंतीला टेकून रडायला लागला. रडताना दोन्ही डोळ्यांतून सारखंच पाणी येत होतं.

दीपकचं रडणं ओसरल्यावर पंडित म्हणाला, "मी तुझ्या बाजूला उभा होतो आणि तुला दिसलो नाही. तेव्हापासून मला धड झोप नाही."

दीपक म्हणाला, "मलाही नाही."

एवढंच. दोघांनी एकमेकांना मिठी वगैरे मारली नाही. हर्षदानं काचा गोळा केल्या. पण त्यानंतर दीपक घरी आला की चपला काढता काढताच काहीतरी सांगायला लागायचा. कुणाच्या घरी मुलगा झाला, कोण फोनवर बायकोशी भांडलं, त्याचं स्वतःचं डोकं आज किती दुखलं. कधी चिडचिडही करायचा. घर पूर्वीइतकं शांत राहिलं नाही. शेजारची जयश्री एकदा सरलाबाईला म्हणाली, "हल्ली तुमच्याकडे फार आवाज असतो गं." सरलाबाई हसली.

बारावी झाल्यावर हर्षदानं धुळ्याला नर्सिंग शिकायला जायचं काढलं. पंडित नाही म्हणाला. ती हो म्हणाली. तीन दिवस वाद झाला. त्याचा आवाज चढला, तिचाही चढला, आणि आतल्या खोलीत कुणी पळालं नाही. शेवटी ती चहाचा कप त्याच्यापुढे ठेवून म्हणाली, "चहा घ्या. पण मी जाणार आहे."

"शिकून तरी घे नीट," तो म्हणाला.

जूनमध्ये तो तिला सोडायला निघाला. उधन्याला त्यांना पॅसेंजरमध्ये खिडकीची जागा मिळाली. गाडी व्याऱ्याच्या पुढे डोंगरात शिरली तेव्हा हर्षदा म्हणाली, "नाना, एक सांगू? मला फार भीती वाटतेय. सारखं वाटतंय, उतरावं आणि परत फिरावं."

पंडितच्या जिभेवर बरंच काही आलं. मीच तुला सांगत होतो, हे आलं. घाबरायचं काय त्यात, हेही आलं. तो तिच्याकडे सरकून बसला.

"कशाची वाटते?" त्यानं विचारलं.

ती सांगायला लागली. आजारी माणसांची, रक्ताची, अनोळखी पोरींची, रात्री एकटीनं झोपायची. नंदुरबार आलं, माणसं चढली-उतरली, कुणी शेंगा विकत गेलं. ती अजून सांगत होती.